झोपेत दात खाणारी मुले : समज, संशोधन आणि पालकांचे काम

लहान मूल झोपेत दात खाऊ लागले की घरातले मोठे जागे होतात. एवढ्याशा जबड्यातून असा करकर आवाज यावा, याचीच आधी भीती वाटते. सकाळी मूल मात्र ताजेतवाने उठते. रात्री काय झाले हे त्याच्या गावीही नसते. मग घरात कारणमीमांसा सुरू होते. आजी म्हणते, पोटात जंत झालेत. मामी म्हणते, दृष्ट लागली असेल. कुणी म्हणते दात वेडेवाकडे येताहेत, डॉक्टरांकडून प्लेट बसवून घ्या. शाळेतल्या बाई म्हणतात, मनावर ताण दिसतोय. अशी चार उत्तरे मिळतात आणि आईवडिलांना नेमके काय करावे ते कळत नाही.

यातली बहुतेक उत्तरे कधी ना कधी वैद्यकानेही गंभीरपणे तपासली आहेत. गेल्या साठेक वर्षांत या प्रश्नावर भरपूर काम झाले आणि चित्र बरेच स्पष्ट झाले. त्या कामाचा हा आढावा आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष असा : बहुतेक मुलांत दात खाणे निरुपद्रवी असते आणि वयानुसार आपोआप कमी होते. ज्या थोड्या मुलांत ते महत्त्वाचे ठरते, त्यांच्यात मूळ बहुधा दातांत नसते, झोपेत आणि श्वासात असते.

किती मुले दात खातात?

याचे एक ठाम उत्तर देता येत नाही. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र विचार करणारा एक मोठा आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलांमधले प्रमाण ३.५ टक्क्यांपासून ४०.६ टक्क्यांपर्यंत आढळले. एवढी तफावत पडते, कारण बहुतेक अभ्यास आईवडिलांना विचारलेल्या प्रश्नावर उभे आहेत. ‘तुमचे मूल कधी झोपेत दात खाते का?’ असे विचारले तर बरेच हात वर होतात. ‘आठवड्यातून तीन-चार रात्री खाते का?’ असे विचारले तर थोडेच उरतात. मूल कुठे झोपते यावरही उत्तर अवलंबून असते. वेगळ्या खोलीत झोपणाऱ्या मुलाचा आवाज पालकांच्या कानी पडत नाही. आपल्याकडे मूल आईच्या कुशीत किंवा आजीजवळ झोपते, त्यामुळे एकही करकर सुटत नाही. शिवाय जबडा नुसता घट्ट आवळला तर आवाज होतच नाही आणि ती रात्र मोजणीत येत नाही.

यामुळेच या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१३ मध्ये निदानाच्या तीन पायऱ्या सुचवल्या. कुणी सांगितले तर ‘शक्य’, डॉक्टरांना तपासणीत खुणा दिसल्या तर ‘संभाव्य’ आणि झोपेच्या चाचणीत नोंद झाली तर ‘निश्चित’. २०१८ मध्ये त्याच गटाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. अन्यथा निरोगी असलेल्या व्यक्तीचे दात खाणे हा आजार मानू नये, ती स्नायूंची एक हालचाल आहे. ती कधी अपाय करते, कधी काहीच करत नाही आणि कधी कदाचित उपयोगीही पडते. घाबरलेल्या पालकांना डॉक्टरांनी सर्वांत आधी सांगावी अशी ही गोष्ट आहे.

वयाचा कल मात्र बहुतेक अभ्यासांत सारखाच दिसतो. समोरचे वरचे-खालचे दात आले, म्हणजे साधारण वर्षाच्या आसपास, की काही बाळे दातांवर दात घासू लागतात. बालवाडी आणि प्राथमिक शाळेच्या वयात प्रमाण जास्त असते. नऊ-दहा वर्षांनंतर ते उतरू लागते आणि प्रौढांमध्ये साधारण आठ टक्क्यांच्या आसपास येते.

जंत, दृष्ट आणि जुने समज

हा प्रश्न आजचा नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त मुलांना पीडणाऱ्या बालग्रहांची लक्षणे सांगताना मुलाच्या दात खाण्याचा उल्लेख येतो. अकारण रडणारे, दचकणारे, दूध न पिणारे मूल पाहून जुन्या काळी ग्रहबाधेचा विचार झाला. दृष्ट काढण्याची रीत त्याच काळजीतून आलेली. ती काळजी खरी होती, कारण तेव्हा मुले जगण्याचीच खात्री नसे.

जंतांचा समज अजून पक्का आहे. दात खाणाऱ्या मुलाला वावडिंगाचे पाणी देणारी घरे आजही आहेत आणि जंताच्या गोळीची चिठ्ठी लिहून देणारे डॉक्टरही आहेत. या समजाची शास्त्रीय तपासणी झाली आहे. ब्राझीलमधल्या एका अभ्यासात दात खाणारी आणि न खाणारी शाळकरी मुले निवडून त्यांच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. इराणमधल्या इस्फहान शहरात तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात मात्र संबंध दिसला. दोन्ही अभ्यास लहान होते. सुतासारख्या बारीक जंतांमुळे रात्री गुदद्वाराशी खाज येते आणि झोप चाळवते, तेव्हा काही मुलांत हा दुवा असूही शकतो. पण ‘दात खातो म्हणजे जंत’ हे समीकरण टिकत नाही.

मग गोळी दिल्यावर अनेक मुलांचे दात खाणे थांबते ते कसे? दात खाणे रोज सारखे नसते. एखादा आठवडा रोज आवाज येतो, मग पंधरा दिवस काहीच नसते. आपण उपाय करतो तो नेमका आवाज टिपेला पोचल्यावर. त्यानंतर तो बहुधा उतरणारच असतो. श्रेय मात्र गोळीला, ताईताला किंवा नव्या उशीला जाते. या विषयातल्या जवळजवळ प्रत्येक घरगुती उपायाची कीर्ती अशी वाढली आहे.

जंताची गोळी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ अजिबात नाही. २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि अंगणवाड्या व शाळांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते. रक्तक्षय आणि खुंटलेली वाढ टाळण्यासाठी ती गोळी हवीच. ती त्या कामासाठी घ्यावी. दात खाण्यावरचे औषध म्हणून पुन्हा पुन्हा देऊ नये.

वेड्यावाकड्या दातांचा सिद्धांत

विसाव्या शतकात दंतवैद्यकाने आपला स्वतःचा खुलासा दिला : वरचे आणि खालचे दात नीट जुळत नाहीत म्हणून जबडा अडथळा घासून काढू पाहतो. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे रॅमफ्योर्ड यांनी १९६१ मध्ये स्नायूंच्या विद्युत नोंदी घेऊन हा विचार ठामपणे मांडला. पुढे कित्येक वर्षे दात थोडे थोडे घासून ‘चावा सुधारणे’ हाच उपचार मानला गेला.

१९८४ मध्ये संशोधकांनी हा सिद्धांत उलट्या बाजूने तपासला. त्यांनी काही प्रौढांच्या दातांवर मुद्दाम अडथळा येईल अशा टोप्या बसवल्या. सिद्धांत खरा असता तर रात्रीचे दात खाणे वाढायला हवे होते. बहुतेकांत ते घटले. त्यानंतर पुरावे जमत गेले आणि २००१ च्या सुमारास संशोधकांचे मत स्थिरावले की या हालचालीचे नियंत्रण मेंदूतून होते, दातांच्या ठेवणीतून नाही. चावा बिघडलेला असेल तर त्याचे उपचार त्याच्या स्वतःच्या कारणासाठी करावेत. दात खाणे थांबेल या आशेने लहान मुलाचे दात घासून कमी करणे किंवा तारा बसवणे, याला आधार उरलेला नाही.

झोपेत नेमके काय घडते?

या प्रश्नाचे उत्तर झोपेच्या प्रयोगशाळेत मिळाले. कॅनडातल्या माँट्रियाल विद्यापीठातले जिल लाविन आणि त्यांचे सहकारी यांनी या क्षेत्रात मोठे काम केले. तिथे झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर, छातीवर आणि जबड्याच्या स्नायूंवर तारा लावलेल्या असतात. जबड्याचा स्नायू कोणता, हे कानाच्या पुढे खालच्या बाजूला बोट ठेवून दात आवळले की लगेच कळते. तिथे जो फुगवटा टणक होतो, तोच हा स्नायू.

नोंदी सांगतात की आवाज हा घटनेचा शेवटचा भाग आहे. आधी काही मिनिटे शरीराची सावध करणारी मज्जासंस्था किंचित चाळवते. मग मेंदूच्या लहरी काही सेकंद जागेपणाकडे झुकतात. हृदयाचे ठोके वाढतात. हनुवटीखालचे स्नायू आवळतात. त्यानंतर जबड्याचे स्नायू लयीत आकुंचन पावतात आणि दातांवर दात घासले जातात. मेंदूचे हे क्षणिक जागे होणे ३ ते १५ सेकंदांचे असते आणि झोपलेल्याला ते आठवत नाही. जबड्याची अशी लयबद्ध हालचाल दात न खाणाऱ्या प्रौढांपैकीही साधारण ६० टक्के लोकांत, कमी प्रमाणात, दिसते. म्हणजे यंत्रणा सगळ्यांकडे आहे, काहींत ती जास्त वेळा चालते.

या नोंदी मुख्यतः प्रौढांच्या आहेत. मुलांवरचे असे अभ्यास कमी आणि लहान आहेत, पण त्यांतही दात खाणाऱ्या मुलांत असे क्षणिक जागे होणे अधिक आढळले. मुलाची झोप ज्या कशाने वारंवार चाळवते ते शोधणे महत्त्वाचे का, हे इथे कळते.

आनुवंशिकतेचाही वाटा मोठा आहे. फिनलंडमधल्या हजारो जुळ्यांच्या अभ्यासात, १९९८ मध्ये, लहानपणच्या दात खाण्यातला निम्मा किंवा त्याहून अधिक फरक आनुवंशिक घटकांनी समजावता आला. ‘याचे बाबाही लहानपणी असेच दात खायचे,’ हे आजीचे वाक्य जंतांच्या निदानापेक्षा शास्त्राच्या अधिक जवळचे आहे.

सर्वांत महत्त्वाचा दुवा : श्वास

नाकामागची ग्रंथी, म्हणजे अ‍ॅडेनॉइड, आणि घशातल्या टॉन्सिल या साधारण दोन ते आठ या वयात घशाच्या मानाने मोठ्या असतात. नेमक्या याच वयात दात खाणेही जास्त दिसते. ग्रंथी फार वाढल्या, किंवा अ‍ॅलर्जीने नाक कायम चोंदलेले असले, की झोपेत श्वासाची वाट अरुंद होते. श्वास अडला की मेंदू क्षणभर जागा होतो, आणि अशा जागे होण्याबरोबर जबडा हलू शकतो.

ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये ग्रंथी वाढलेल्या आणि झोपेत श्वास अडणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेपूर्वी त्यांतली सुमारे ४५ टक्के मुले दात खात होती, ग्रंथी काढल्यानंतर तीन महिन्यांनी हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास आले. आकडे बोलके आहेत, पण तेही जपून वाचायला हवेत. शस्त्रक्रिया न केलेला तुलनेचा गट त्यात नव्हता आणि दात खाणे आपोआपही कमी-जास्त होते, हे आपण पाहिलेच. म्हणून कुणी नुसत्या दात खाण्यासाठी टॉन्सिल काढू नयेत. पण दात खाणारे मूल घोरतही असेल, तर नाक-घशाची तपासणी टाळूही नये.

झोपेत श्वास अडणाऱ्या मुलाची चिन्हे घरातल्या माणसालाच सर्वांत आधी दिसतात. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री घोरणे, तोंड उघडे ठेवून झोपणे, मान मागे टाकून झोपणे, घामाने उशी भिजणे, श्वास काही क्षण थांबून मग धापेसारखा येणे, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे. दिवसाची चिन्हे फसवी असतात. अपुरी झोप झालेला मोठा माणूस पेंगतो. लहान मूल बऱ्याचदा उलट चिडचिडे होते, एका जागी बसत नाही, वर्गात लक्ष देत नाही. मग ‘द्वाड’ असा शिक्का बसतो आणि रात्रीच्या श्वासाची चौकशी कुणी करत नाही. डॉक्टरांना दाखवण्यासाठी मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण करावे. मुलाची छाती आणि चेहरा दिसू द्यावा, आवाज नीट यावा. दवाखान्यात मूल जागे असते, त्यामुळे हे चित्रण डॉक्टरांच्या फार कामी येते.

ताण, टीव्ही-मोबाइल, धूर आणि औषधे

मनाच्या ताणाबद्दल वय पाहून बोलावे लागते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात सहा ते अकरा वर्षांच्या मुलांत दात खाणे आणि मानसिक-सामाजिक अडचणी यांचा संबंध आढळला. पाच वर्षांखालील मुलांत तसा पुरावा मिळाला नाही. तेव्हा तीन वर्षांचे मूल दात खाते म्हणून आईने स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलात मात्र शाळा बदलणे, घरातली भांडणे, परीक्षेची धास्ती, कुणी त्रास देणे, याची हळुवार विचारपूस करावी.

झोपेचे तासही पाहायला हवेत. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलेले प्रमाण असे : दिवसाच्या झोपेसह १ ते २ वर्षांच्या मुलांना ११ ते १४ तास, ३ ते ५ वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास. रात्री अकरापर्यंत टीव्ही आणि मोबाइल चालणाऱ्या घरात, सकाळची शाळा असलेल्या मुलाचे गणित इथे चुकतेच. ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांच्या अभ्यासात कमी झोप, झोपायच्या खोलीतला उजेड आणि गोंगाट यांचा दात खाण्याशी संबंध दिसला. महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा मांडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. पण शाळा तासभर उशिरा भरली आणि घरात दिवा तासभर उशिरा मालवला, तर मुलाच्या पदरात काही पडत नाही.

विडी-सिगारेटच्या धुराशीही मुलांच्या दात खाण्याचा संबंध काही अभ्यासांत आढळला आहे. नाक चोंदवणारा कुठलाही धूर, मग तो तंबाखूचा असो वा डासांच्या अगरबत्तीचा, मुलाच्या झोपायच्या खोलीत नसावा. नैराश्य, चिंता किंवा अतिचंचलता यांवरच्या काही औषधांनीही दात खाणे सुरू होऊ शकते. अशी औषधे मनाने बंद करू नयेत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे. सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम किंवा रेट सिंड्रोम असलेल्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्यात दात खाणे दिवसाही चालते, तीव्र असते आणि त्यासाठी स्वतंत्र उपचार लागतात.

दातांचे काय?

दुधाचे दात वीस असतात. त्यांचे कवच कायमच्या दातांच्या तुलनेत पातळ असते आणि वापराने ते झिजणे स्वाभाविक आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दातांच्या कडा सपाट झालेल्या दिसतात, त्यात बहुतेकदा काळजीचे काही नसते.

अनुभवी बालदंततज्ज्ञ दात कापसाने कोरडे करून प्रकाशात पाहतात. घासण्याने झिजलेल्या जागा सपाट आणि चकचकीत असतात, कडा स्पष्ट असतात. मुलाला हळूच जबडा बाजूला सरकवायला सांगितले की वरच्या सुळ्याची झीज खालच्या सुळ्याच्या झिजेवर तंतोतंत बसते. दाढांच्या माथ्यावर वाटीसारखे गोल खळगे असतील, कडा विरघळल्यासारख्या असतील आणि ते समोरच्या दाताशी जुळत नसतील, तर कारण आम्ल असते. शीतपेये, पाकिटातले आंबट रस किंवा पोटातले आम्ल वर येणे, यांपैकी काहीतरी. नुसता आवाज ऐकून हा फरक कळत नाही. आम्लाने मऊ पडलेले कवच घासण्याने आणखी लवकर जाते, म्हणून दात खाणाऱ्या मुलाला रात्री झोपताना गोड-आंबट पेय देऊ नये.

दाताला कळ येणे, गरम-थंड लागणे, दात तुटणे, सकाळी जबडा किंवा कानशील दुखणे, किंवा सहा वर्षांनंतर आलेल्या कायमच्या दाढा झिजताना दिसणे, ही दंततज्ज्ञांना दाखवण्याची कारणे. रात्री हातापायांना झटके येत असतील, अंग ताठ होत असेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर तो प्रकार वेगळा. त्यासाठी तातडीने बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

उपचार : काय टाळावे, काय करावे

प्रौढांना देतात तशी, रात्री दातांवर बसवायची प्लेट लहान मुलांना सरसकट देऊ नये. त्यांचा जबडा वाढत असतो, दुधाचे दात पडून नवे येत असतात, प्लेट काही महिन्यांत बसेनाशी होते. शिवाय प्लेट दातांचे रक्षण करते, दात खाणे थांबवते असे सिद्ध झालेले नाही. प्रौढांतही ते सिद्ध करणारा पुरेसा पुरावा ‘कॉक्रन’ संस्थेच्या २००७ च्या आढाव्याला सापडला नव्हता. औषधांची अवस्था तीच. अ‍ॅलर्जीवरच्या हायड्रॉक्झिझिन या औषधाचा इराणमध्ये मोजक्या मुलांवर प्रयोग झाला आणि लाभ दिसला, पण अशा छोट्या प्रयोगावर निरोगी मुलांना गुंगीचे औषध देणे योग्य नाही.

मग उरते ते साधे काम. झोपेची वेळ ठरवावी. झोपण्याआधी तासभर टीव्ही-मोबाइल बंद करावेत. खोली अंधारी आणि शांत ठेवावी. संध्याकाळनंतर चहा-कॉफी आणि कोला देऊ नये. नाक चोंदत असेल तर त्यावर उपचार घ्यावेत. दात खाताना मुलाला हलवून उठवू नये, त्याने झोप आणखी मोडते. सकाळी त्याची चेष्टा करू नये, रागावूही नये. जे त्याच्या इच्छेने होत नाही, त्याबद्दल त्याला अपराधी वाटू देणे हा अन्याय आहे.

एक अपेक्षा सार्वजनिक व्यवस्थेकडूनही आहे. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुलांचे दातही पाहतात. त्या वेळी आईला दोन प्रश्न विचारले जावेत : मूल घोरते का? तोंड उघडे ठेवून झोपते का? याला खर्च येत नाही. यातून जी थोडी मुले सापडतील, त्यांची झोप, वाढ आणि अभ्यास सुधारू शकेल.

पालकांना सांगायचे ते एवढेच. मूल दात खात असेल, नीट झोपत असेल, घोरत नसेल, दात दुखत नसतील आणि दिवसा आनंदाने खेळत असेल, तर निर्धास्त राहा आणि सहा-सहा महिन्यांनी दंततज्ज्ञांना दात दाखवा. दात खाण्याबरोबर घोरणेही असेल, तर वाट पाहू नका. दात खाण्यावरचा उपाय म्हणून त्या मुलाला जंताच्या गोळीची किंवा प्लेटची गरज नाही. त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि नाक-घशाची तपासणी करून घ्या.